साथीतली सीमा चेक-इन काउंटरवर असते

कोविडच्या काळात एखाद्या देशात जायला मिळणार की नाही, हे त्या देशाच्या इमिग्रेशन अधिकाऱ्याने क्वचितच ठरवलं. बहुतेक वेळा ते ठरलं मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर, विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरपाशी, तीन-चार मिनिटांत. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत नेण्याची जबाबदारी त्याला आणणाऱ्या विमान कंपनीची असते. बऱ्याच देशांत वर दंडही बसतो. म्हणून काउंटरवरचा कर्मचारी टिमॅटिक उघडतो. विमान कंपन्यांची जागतिक संघटना, आयाटा, चालवते ती ही प्रवेश-नियमांची माहितीप्रणाली. तिथलं वाक्य आणि प्रवाशाच्या हातातला कागद तो ताडून पाहतो. वाक्याचे दोन अर्थ निघत असतील, तर कडक अर्थ घेणं त्याला सोयीचं असतं. चुकून पाठवलं तर कंपनीला भुर्दंड. चुकून थांबवलं तर तिकीट प्रवाशाचं बुडतं. तो कर्मचारी दुष्ट नसतो. त्याच्या जागी कोणीही तेच करेल.

सीमेवर चाचणी मागणं मुळातच चूक होतं, असं मला म्हणायचं नाही. नव्या साथीत काही दिवसांची उसंत मिळवायला तिचा उपयोग होतो. माझा आक्षेप खर्चाच्या वाटणीला आहे. नियमातल्या संदिग्धतेची आणि आयत्या वेळच्या बदलाची किंमत नियम करणाऱ्या सरकारने सोसायला हवी होती. २०२० ते २०२२ या काळात ती जवळजवळ सगळी प्रवाशाच्या माथी आली. पुढच्या साथीआधी हे बदलायचं तर गोष्टी मोठ्या नाहीत, बारीकच आहेत. त्यातली पहिली म्हणजे घड्याळ.

‘७२ तासांच्या आतला निगेटिव्ह आरटी-पीसीआर’ हे वाक्य सगळ्यांना पाठ झालं होतं. पण ७२ तास कुठून कुठपर्यंत? प्रयोगशाळेच्या अहवालावर सहसा तीन वेळा छापलेल्या असतात: नमुना घेतल्याची, नमुना प्रयोगशाळेत पोचल्याची आणि अहवाल दिल्याची. पहिली आणि तिसरी यांत सहज चोवीस तासांचं अंतर पडतं. घरी येऊन स्वॅब नेला असेल तर आणखी एक भानगड. माणूस सकाळी आठला स्वॅब घेतो, दहा घरं फिरतो, दुपारी दोनला नमुने जमा करतो, आणि संगणकावर ‘नमुना घेतल्याची वेळ’ म्हणून दुपारचे दोन चढतात. कधी प्रवाशाचा यात फायदा होतो, कधी ती वेळ अहवालावर येतच नाही, नुसती तारीख येते. संयुक्त अरब अमिरातीच्या नियमात ४८ तास नमुना घेतल्यापासून मोजायचे होते. म्हणजे ज्या अहवालावर ती वेळ नाही, तो निगेटिव्ह असूनही निरुपयोगी. भारताच्या स्वतःच्या नियमात चाचणी ‘प्रवास सुरू करण्याआधी ७२ तासांत केलेली’ असावी असं होतं. ‘केलेली’ म्हणजे स्वॅब घेतलेली की यंत्रात घातलेली, हे सांगायची कोणाला गरज वाटली नाही.

दुसरं टोक त्याहून अवघड. सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला येणारी कोणी व्यक्ती घ्या. मंगळवारी सकाळी नऊला स्वॅब दिला, गुरुवारी रात्री नऊला विमान. साठ तास झाले, नियमात चोख बसतं. मधे एक थांबा धरून तेवीस तासांचा प्रवास, त्यात साडेबारा तासांचा वेळेतला फरक. मुंबईत उतरताना भारतीय घड्याळात शनिवारी सकाळचे साडेआठ. आता कागदावर मंगळवार आणि हातात शनिवार. तारखा मोजणारा म्हणेल चार दिवस झाले. उतरण्याच्या क्षणापर्यंतचे तास मोजले तर त्र्याऐंशी होतात. आणि थांब्याच्या विमानतळावर दुसऱ्या कंपनीचं विमान असेल तर तिथला कर्मचारी ‘प्रवास’ आपल्या विमानापासून सुरू झाला असं धरू शकतो. तिन्ही वाचनं प्रामाणिक आहेत. नियमात ‘पहिल्या विमानाच्या सुटण्याच्या वेळेआधी’ एवढे शब्द घातले असते तर एकच वाचन उरलं असतं.

अमेरिकेने हे त्यातल्या त्यात शहाणपणाने केलं. २६ जानेवारी २०२१ पासून त्यांनी तासांऐवजी दिवस मोजले: विमान सुटण्याच्या आधीच्या तीन दिवसांतली चाचणी. शनिवारी रात्री अकराचं विमान असेल तर बुधवारी सकाळी आठचा स्वॅबही चालत होता. ७२ तासांच्या नियमाने तो चालला नसता. बुधवारी रात्री अकरानंतरचा, म्हणजे व्यवहारात गुरुवार सकाळचा स्वॅब लागला असता. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी तीन दिवसांचा एक दिवस केला, तेव्हाही मोजणी तारखेनेच ठेवली. प्रयोगशाळा रात्री बंद असतात आणि विमानं मात्र रात्रीच सुटतात, एवढं साधं वास्तव या मोजणीत धरलेलं होतं. फक्त अमेरिकेचे तीन दिवस आणि वाटेत विमान बदलायच्या देशाचे ७२ तास एकाच तिकिटात आले की पुन्हा कडक नियमच पाळावा लागे. ज्याने केवळ गंतव्य देशाचं संकेतस्थळ वाचलं तो इथे फसला. वाचायचे असतात तीन नियम: जायच्या देशाचा, थांब्याच्या देशाचा आणि विमान कंपनीचा. शिवाय परतीचा चौथा.

सगळ्यात घट्ट बसवलेला पिंजरा मात्र भारतातून दुबईला जाणाऱ्यांच्या वाट्याला आला. २०२१ च्या ऑगस्टपासून अमिरातीतल्या भारतीय रहिवाशांना परत जाता येऊ लागलं, ते या अटींवर: तिथल्या यंत्रणेची पूर्वपरवानगी, ४८ तासांतली आरटी-पीसीआर, अहवालावर क्यूआर कोड, आणि शिवाय विमानतळावरच सुटण्याआधी काही तासांत झटपट पीसीआर. ही मुदत आधी चार तास होती, मग सहा झाली. उतरल्यावर पुन्हा चाचणी होतीच.

हा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. विमान रविवारी पहाटे साडेचारचं. ४८ तास मागे गेलं की शुक्रवारी पहाटे साडेचार. त्याआधीचा स्वॅब बाद. प्रयोगशाळा उघडते आठला. शुक्रवारी सकाळी स्वॅब दिला तर शनिवारी दुपारपर्यंत अहवाल हातात यायची शक्यता चांगली. शुक्रवारी संध्याकाळी दिला तर अहवाल शनिवारी रात्री टॅक्सीत बसल्यावर येणार, किंवा येणारच नाही. झटपट चाचणी सहा तासांच्या आत, म्हणजे शनिवारी रात्री साडेदहाच्या आधी करून उपयोग नाही. चेक-इन सुटण्याआधी तासभर बंद होतं, साडेतीनला. म्हणजे रांग, स्वॅब, अहवाल आणि बॅगा एवढं सगळं रात्री साडेदहा ते साडेतीन या पाच तासांत. अहवालाला अर्धा तास लागतो असं यंत्राच्या माहितीपत्रकात असतं. पण अशी यंत्रं एका वेळी एक-दोनच नमुने घेतात आणि रांगेत तीन विमानांची माणसं असतात, तेव्हा हा अर्धा तास दोन तासांचा होतो.

आता विमान चार तासांनी लांबलं, साडेआठवर गेलं असं धरा. सहा तासांची खिडकी पहाटे अडीचला उघडणार. रात्री अकराला केलेली चाचणी कडक अर्थाने शिळी झाली. नियमात सुटण्याची वेळ म्हणजे तिकिटावरची की प्रत्यक्षातली, ते लिहिलेलं नव्हतं. पुन्हा चाचणी करायची तर पैसे पुन्हा भरायचे. महाराष्ट्रात तेव्हा साध्या आरटी-पीसीआरचे दर सरकारने बांधून दिले होते. मार्च २०२१ पासून ५०० ते ८००, डिसेंबरमध्ये ३५० ते ७००. विमानतळावरच्या झटपट चाचणीला हा बांध लागू नव्हता. कुठे तीन हजारांच्या वर, कुठे चार हजारांच्याही वर. चौघांच्या कुटुंबाने दोनदा केली तर महिन्याचा पगार गेला, कारण तिथे परतणाऱ्यांत बांधकामावरचे आणि दुकानांतले कामगार भरपूर होते. दुबईने ही अट फेब्रुवारी २०२२ मध्ये काढली.

घड्याळानंतर नाव. अहवालावरचं नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळायला हवं हे कळतं, पण आपल्याकडच्या नावांची रचना त्याला अनुकूल नाही. पासपोर्टवर ‘रमेश वसंत’ दिलेलं नाव आणि ‘कुलकर्णी’ आडनाव. आधारवर ‘कुलकर्णी रमेश वसंत’. लसीच्या नोंदणीवेळी घाईत ‘रमेश व्ही. कुलकर्णी’. प्रयोगशाळेचा माणूस फॉर्म आधारवरून भरतो, कारण भारतातल्या चाचणीला आधार पुरतं. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या बायकांचं तर विचारूच नका: पासपोर्ट माहेरच्या नावाचा, लसीचं प्रमाणपत्र सासरच्या. माणसाला हे एकच नाव आहे हे दिसतं. क्यूआर कोड वाचणाऱ्या यंत्राला दिसत नाही. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे. स्वॅब देतानाच पासपोर्ट पुढे करायचा, नाव त्याच्या शेवटच्या दोन ओळींत छापलं असतं त्या स्पेलिंगने भरायला लावायचं, पासपोर्ट क्रमांक अहवालावर यायलाच हवा असं सांगायचं, आणि पावतीवर लगेच तपासायचं. अहवाल एकदा आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पोर्टलवर चढला की दुरुस्तीला तास जातात, आणि तास हीच तर टंचाई.

इथे प्रमाणपत्रांची जी मोठी भांडणं झाली, त्यांचं मूळही असंच क्षुल्लक होतं. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं की ४ ऑक्टोबरपासून भारतात कोविशिल्ड घेतलेल्यांना लस न घेतलेल्यांत धरू. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली, ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेकाचंच सूत्र असलेली, जागतिक आरोग्य संघटनेने १५ फेब्रुवारी २०२१ ला आपत्कालीन मान्यता दिलेली लस. आरडाओरडा झाल्यावर ब्रिटनने लस मान्य केली, पण प्रमाणपत्र मान्य केलं नाही. कोविनच्या प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीख नव्हती, ही त्यातली एक अडचण. ही अडचण खरी होती आणि कोविनने ती काही दिवसांत सोडवली. पूर्ण जन्मतारखेचं, परदेश प्रवासासाठीचं वेगळं प्रमाणपत्र मिळू लागलं. तरीही ४ ऑक्टोबरला ब्रिटनने आपला नियम लागू केला आणि भारताने त्याच दिवसापासून ब्रिटिश नागरिकांवर तोच लावला: निघण्याआधी, उतरल्यावर आणि आठव्या दिवशी चाचणी, दहा दिवस विलगीकरण. ११ तारखेला ब्रिटन नमलं, १३ ला भारताने आपलं परिपत्रक मागे घेतलं. या नऊ-दहा दिवसांत दोन्हीकडच्या विषाणूत काहीही फरक पडला नव्हता. भारताच्या प्रत्युत्तराचं तेव्हा कौतुक झालं. मला ते पटलं नाही. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याला धडा शिकवायचा खर्च आपल्या माणसांना भेटायला येणाऱ्या ब्रिटिश पासपोर्टच्या मराठी-गुजराती-पंजाबी म्हाताऱ्यांकडून वसूल करण्यात शौर्य कसलं?

लसीबाबत एक गोष्ट मात्र आपल्याकडे चांगली झाली होती. देशात दोन मात्रांतलं अंतर ८४ दिवस असताना, शिक्षण, नोकरी किंवा टोकियो ऑलिंपिकसाठी जाणाऱ्यांना जून २०२१ मध्ये २८ दिवसांनंतर दुसरी मात्रा घेऊ दिली आणि प्रमाणपत्राला पासपोर्ट जोडायची सोय केली. परदेशी विद्यापीठांची तारीख ८४ दिवस थांबणार नव्हती, हे ओळखून नियम वाकवला. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेची वाट ३ नोव्हेंबर २०२१ पर्यंत पाहावी लागली.

आता मूळ प्रश्न. हे सगळं करून विषाणू थांबतो का? ४ एप्रिल २०२१ ला दिल्लीहून हाँगकाँगला गेलेल्या एका विमानातले पन्नासच्या आसपास प्रवासी पुढे तिथल्या विलगीकरणात पॉझिटिव्ह निघाले. ७२ तासांतला निगेटिव्ह अहवाल त्या विमानात बसायची अटच होती. काही अहवाल बोगस असतील, पण बोगसपणा धरायची गरजही नाही. संसर्ग झाल्यापासून पहिले एक-दोन दिवस नाकातल्या विषाणूचं प्रमाण इतकं कमी असतं की पीसीआरलाही ते सापडत नाही. सुरुवातीच्या विषाणूचा लक्षणं दिसायचा काळ सरासरी पाचेक दिवस, ओमायक्रॉनचा तीनच्या आसपास. त्यात तीन दिवस जुना अहवाल म्हणजे माणूस निघताना कसा होता ते सांगतच नाही. हाँगकाँगला ते पन्नास जण सापडले ते विलगीकरणामुळे, निघतानाच्या कागदामुळे नव्हे.

चाचणी उलटीकडूनही चुकते. बरा झालेला माणूस संसर्ग पसरवत नसला तरी विषाणूच्या मेलेल्या तुकड्यांमुळे पीसीआरमध्ये कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो. पीसीआरमध्ये दर चक्राला नमुन्यातला जनुकीय अंश दुप्पट होतो. दहा चक्रांचा फरक म्हणजे सुमारे हजारपट. २३ व्या चक्राला सापडलेला आणि ३३ व्या चक्राला सापडलेला, दोघांच्या अहवालावर शब्द एकच, पॉझिटिव्ह. आयसीएमआरची मर्यादा ३५ चक्रांची. वेगळ्या किटची मर्यादा वेगळी, म्हणून त्याच माणसाचे दोन प्रयोगशाळांत दोन निकाल येत आणि लोक याला लबाडी समजत. अमेरिकेने यावर वाट काढली होती: ९० दिवसांतला पॉझिटिव्ह अहवाल आणि प्रवासाला हरकत नाही असं डॉक्टरांचं पत्र चालत असे. भारताच्या फेब्रुवारी २०२१ च्या नियमांत बरे झालेल्यांसाठी अशी वाट नव्हती. चाचणीतून सूट होती ती कुटुंबातल्या मृत्यूमुळे तातडीने येणाऱ्यांना. म्हणजे महिन्यापूर्वी आजारी पडून बरा झालेला माणूस आईच्या ऑपरेशनसाठी येऊ शकत नव्हता, तिच्या दिवसकार्यासाठी येऊ शकत होता.

ओमायक्रॉनच्या वेळी सीमेची मर्यादा उघडी पडली. दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ ला नव्या प्रकाराची माहिती दिली, २६ ला त्याला नाव मिळालं, आणि त्याच दिवसांत युरोप-अमेरिकेने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडची विमानं बंद केली. २६ ला जोहान्सबर्गहून ॲमस्टरडॅमला दोन विमानं उतरली. ६२४ प्रवासी, त्यांतले ६१ पॉझिटिव्ह. पुढे कळलं की नेदरलँड्समध्ये १९ आणि २३ नोव्हेंबरला घेतलेल्या नमुन्यांतच ओमायक्रॉन होता. भारतात पहिले दोन रुग्ण २ डिसेंबरला कर्नाटकात जाहीर झाले, त्यांतल्या एकाने परदेश प्रवास केलेलाच नव्हता. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण कल्याण-डोंबिवलीतला. नवे नियम लागू व्हायच्या आधीच तो देशात आलेला होता. प्रामाणिकपणे कळवणाऱ्या देशाला शिक्षा झाली, आणि विषाणू तोवर घरात शिरलेला होता.

न्यूझीलंडचं उदाहरण इथे हमखास पुढे केलं जातं. खरं आहे, त्यांनी दीड-पावणेदोन वर्षं विषाणू बऱ्यापैकी बाहेर ठेवला. पण ते बेट आहे, येणारे मोजके होते आणि प्रत्येकाला सरकारी विलगीकरणात दोन आठवडे काढावे लागत. कागद तपासून त्यांनी ते साधलेलं नाही. शिवाय विलगीकरणातली खोली मिळवायला स्वतःच्याच नागरिकांना सोडतीत नंबर लावावा लागे. एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ही पद्धत नागरिकांच्या मायदेशी परतण्याच्या हक्कावर असमर्थनीय बंधन घालणारी ठरवली. ऑस्ट्रेलिया तर मे २०२१ मध्ये भारतातून परतणाऱ्या आपल्या नागरिकांना पाच वर्षांपर्यंत कैद आणि ६६,६०० डॉलरपर्यंत दंड करायला निघालं होतं. तो आदेश दोन आठवडेही टिकला नाही.

म्हणजे सीमेवरच्या चाचणीने दिवस विकत मिळतात, फार तर आठवडे. ते दिवस खाटा, प्राणवायू, लसी यांच्या तयारीला वापरायचे असतात. लाभ सगळ्या समाजाचा आहे. मग बिल प्रवाशाला का?

हा प्रश्न भावनेचा नाही, लिखित कायद्याचा आहे. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली २००५ मध्ये झाली. १९६ देश तिला बांधलेले आहेत, भारतही. तिच्या ४० व्या कलमानुसार सार्वजनिक आरोग्यासाठी प्रवाशाची तपासणी, विलगीकरण आणि त्याबद्दलची प्रमाणपत्रं यांचे पैसे सरकारने प्रवाशाकडून घ्यायचे नसतात. तात्पुरत्या किंवा कायम वास्तव्यासाठी येणारे एवढा अपवाद. उतरल्यावर दिलेली लस, जी अट दहा दिवस आधी प्रसिद्ध झालेली नाही तिच्यासाठी दिलेली, तीही फुकट. ४३ व्या कलमानुसार जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींपलीकडे जाऊन प्रवेश नाकारणारा किंवा चोवीस तासांहून जास्त अडवणारा नियम केला, तर त्याचं शास्त्रीय कारण आणि नियम लागू झाल्याची माहिती ४८ तासांत संघटनेला कळवायची असते. प्रत्यक्षात काय झालं? भारताने मे २०२० मध्ये परतणाऱ्या स्वतःच्या नागरिकांना सात दिवस स्वखर्चाने संस्थात्मक विलगीकरणात ठेवलं. ब्रिटनने लाल यादीतल्या, म्हणजे सर्वाधिक जोखमीच्या ठरवलेल्या, देशांतून येणाऱ्या प्रत्येक प्रौढाकडून दहा दिवसांच्या हॉटेलचे १,७५० पौंड घेतले, ऑगस्ट २०२१ पासून २,२८५. नियमावलीला दात नाहीत म्हणून हे खपलं.

यावर ठरलेला प्रतिवाद असतो: विषाणू दहा दिवसांची नोटीस देत नाही, मग सरकारने का द्यावी? बरोबर आहे. सरकारने आज रात्री नियम बदलावा. पण बदलत्या क्षणी जो हवेत आहे, त्याचं काय ते त्याच कागदावर लिहावं. पीतज्वराचं पिवळं कार्ड या बाबतीत पाहण्यासारखं आहे. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते वैध होतं, २०१६ पासून आयुष्यभर चालतं, नमुना जगभर एकच. ते नसलेला प्रवासी बाधित देशातून भारतात आला तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. निघताना प्रत्येकाला हे ठाऊक असतं, काउंटरवर वाद होत नाही. नव्या विषाणूसाठी इतका स्थिर नियम पहिल्या महिन्यात शक्य नाही हे मान्य. दुसऱ्या वर्षी शक्य होता.

नियमावलीतल्या दुरुस्त्या जून २०२४ मध्ये मंजूर होऊन १९ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाल्या. आरोग्य-कागदपत्रं डिजिटल स्वरूपात देण्याची तरतूद त्यांत आली. नावाचा आणि क्यूआर कोडचा घोळ त्याने कमी होईल. घड्याळाचा आणि पैशाचा होणार नाही, तो प्रत्येक देशाने आपल्या परिपत्रकात सोडवायचा आहे. भारताने आत्ताच, साथ नसताना, एक ठरावीक मसुदा तयार ठेवावा. त्यात आकडे बदलतील, वाक्यं बदलू नयेत. काहीसा असा:

‘नमुना घेतल्याची वेळ पहिल्या विमानाच्या, तिकिटावर छापलेल्या, सुटण्याच्या वेळेआधी अमुक दिवसांच्या आत असावी. दिवस तारखेने मोजावेत. विमानाला उशीर झाल्यास नवी चाचणी मागू नये. अहवालावर पासपोर्ट क्रमांक असल्यास नावाच्या क्रमात किंवा आद्याक्षरात फरक असला तरी अहवाल ग्राह्य धरावा. नव्वद दिवसांत बरे झालेल्यांना डॉक्टरांचे पत्र पुरेसे आहे. हा नियम अमुक तारखेच्या मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या विमानांना लागू आहे. त्याआधी निघालेल्यांवर उतरल्यावर चाचणी किंवा विलगीकरण लादल्यास खर्च सरकारचा.’

शंका निघाल्यास विमान कंपनीने विचारायचा एक क्रमांक खाली असावा आणि तो पहाटे तीन वाजता उचलला जावा. एअर सुविधाच्या, म्हणजे भारतात येणाऱ्यांनी आधीच माहिती भरायच्या सरकारी व्यवस्थेच्या, संकेतस्थळावर पासपोर्ट आणि अहवालाची पीडीएफ चढवताना, चेक-इन व्हायच्या आधी आसन क्रमांक भरताना अडलेल्यांना विचारायला काउंटरवर कोणी नसे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती व्यवस्था बंद झाली आणि सहा आठवड्यांच्या आतच, १ जानेवारी २०२३ पासून, चीनसह सहा ठिकाणांहून येणाऱ्यांसाठी तशीच परत आली.

मसुद्यात आणखी एक ओळ लागेल, आणि तीच लिहिणं सर्वांत कठीण आहे. ३० नोव्हेंबर २०२१ ला महाराष्ट्राने स्वतःचा आदेश काढला: जोखमीच्या देशांतून येणाऱ्यांना सात दिवस संस्थात्मक विलगीकरण, दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी चाचणी, बाकी सगळ्या देशांच्या प्रवाशांची उतरल्यावर सक्तीची चाचणी आणि चौदा दिवस गृह विलगीकरण. त्याच मध्यरात्रीपासून लागू होणारा केंद्राचा नियम वेगळा होता: जोखमीच्या देशांसाठी उतरल्यावर चाचणी, निगेटिव्ह आल्यास सात दिवस घरी आणि आठव्या दिवशी पुन्हा चाचणी, इतरांपैकी केवळ दोन टक्क्यांची. दिल्लीला उतरलेला आणि मुंबईला उतरलेला, एकाच विमानतळावरून निघालेले दोघे, दोन वेगळ्या देशांत उतरल्यासारखे. केंद्राने दुसऱ्या दिवशी पत्र लिहिलं, २ डिसेंबरला राज्याने आदेश बदलला, पण मधल्या दोन रात्री उतरलेल्यांना हॉटेलं घ्यावी लागली ती लागलीच. सार्वजनिक आरोग्य राज्यांच्या यादीत येतं आणि बंदरांवरचं क्वारंटाइन केंद्राच्या. विमानं धरून येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांच्या तपासणीचा अधिकार २०२० च्या दुरुस्तीने साथरोग कायद्यात केंद्राला दिला, पण राज्यं आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आपले आदेश काढतच राहिली. मुंबईसारख्या दाट शहराला जास्त कडक नियम हवा असं राज्याला वाटणं गैर नाही. मग तो कडकपणा विमानतळाच्या दाराबाहेर, राज्याच्या पैशाने आणि केंद्राच्या परिपत्रकातच परिशिष्ट म्हणून छापलेला असावा, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या काउंटरवरच्या माणसाला तो टिमॅटिकमध्ये दिसेल.